लाभ, दोन, तीन

मामा, तुमची गाडी, टिकली, नाक्यावर वळली तेव्हा पुढच्या सीटवर टायर नव्हता. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आला की, घ्या, परत विसरले.

बाकी सगळं त्याच्यानंतर. हॉर्न सारखा वाजतोय हे नंतर ऐकू आलं. स्टेअरिंगवर तुम्ही नाही, शेजारचा किसन आहे, हे नंतर दिसलं. मागे मामी होत्या आणि त्यांच्या मांडीवर तुमचं डोकं होतं. किसनने खिडकीतून हात काढून मागे या म्हणून खूण केली, गाडी काही थांबवली नाही. मी शहापूरच्या नाक्यावर अन्वरच्या गॅरेजसमोर, शर्यतीचे टायर घेऊन तुम्ही याल म्हणून, चहाचा ग्लास धरून उभा होतो आणि त्याआधी बराच वेळ तुमच्या नावाने बोटं मोडत होतो. "म्हाताऱ्याला टाइमचं काही पडलेलं नाही," असं अन्वरला म्हणालो होतो. तो ग्लास मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

दवाखान्यातलं मी लिहीत नाही. तिथे पोचेपर्यंत तुम्ही नव्हतातच.

टायर कुठे गेले ते मामींनी संध्याकाळी सांगितलं, मी विचारलं नसताना. टायर आदल्या संध्याकाळीच भरलेले. सकाळी निघण्याआधी तुम्ही मोरीवर हात धुवायला गेलात आणि तिथेच बसलात. छातीत कळ, घाम, तोंडातून शब्द नाही. किसन धावत आला. पण टिकलीत माणूस निजवायचा कुठे? सगळीकडे टायर. त्या दोघांनी मागचे, घाईत डिकीतलाही, ओढून अंगणात फेकले. मग मामींना वाटलं तुम्हाला पुढे बसवावं, सीट मागे पाडून, म्हणून त्या पुढचा टायर काढायला गेल्या. "निघतच नव्हता हो जावई," त्या म्हणाल्या. "पट्टा लावलेला त्यांनी. मला तो पट्टा सोडवताच येईना. मी नुसती वडत बसले." शेवटी किसनने बटण दाबलं, पट्टा सुटला, आणि तोवर तुम्हाला मागेच निजवायचं ठरलं होतं. त्या एवढं बोलल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. पण मी मान वर केली नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, तरी आपला एक वाद तसाच राहिलाय मामा. त्या चौथ्या टायरचा. माझं म्हणणं होतं, तुम्ही तो मुद्दाम घरी ठेवलात. तुमचं म्हणणं होतं, विसरलो. वर्षभर मी तुमच्या तोंडून खरं काढायला बघत होतो आणि वर्षभर तुम्ही तेच एक पालुपद लावलंत. आता मला खरं कळलंय. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आपला आणि लिहिण्याचा काय संबंध.

तुम्हाला मी पहिल्यापासून आवडलो नाही, हे मला माहीत होतं. लग्न ठरवताना तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की मुलगा वाशिंदला कंपनीत पर्मनंट आहे. सुट्टीच्या दिवशी तो मातीत गाडी पळवतो, हे अंगावरची हळद निघायच्या आत तुमच्या कानावर गेलं. तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालात, "पोरगी आमी कंपनीतल्या मानसाला दिली. मौत का कुआँवाल्याला नाय दिली." मी तेव्हा हसलो. तुमची सुजा हसली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

टायर तुमच्याकडे आले तेही काही प्रेमाने नाही. माझी शर्यतीची गाडी मी साध्या टायरवर रस्त्याने चालवत नेतो. मातीचे टायर वेगळे, मऊ रबराचे, खोल खाचांचे. ते डांबरावर घासले की संपले. म्हणून ते दुसऱ्या गाडीतून न्यायचे आणि माळावर पोचलं की चढवायचे. वाशिंदच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते ठेवले तर खालच्या मजल्यावरची बाई थेट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली. मग सुजाच म्हणाली, डोळखांबला बाबांच्या पडवीत ठेवू. तुम्ही कणगीशेजारी जागा करून दिलीत आणि म्हणालात, "उंदीर लागले तर माझ्या नावानं वरडायचं नाय." पुढच्या शर्यतीला ते टायर आणायला मला सुट्टी मिळेना, तेव्हा तुमचा फोन आला. "मी आनतो. टिकली तशी पन हुबीच हाय."

टिकली. लाल, एवढीशी, सुजाने शाळेत असताना नाव ठेवलेली. तिच्यात चार टायर बसवणं हे काम मी कधी शिकलो नाही. दोन मागच्या सीटवर गोणपाट अंथरून, एक डिकीत, आणि एक पुढे तुमच्या शेजारी. पुढच्याला तुम्ही न चुकता पट्टा लावायचात. किन्हवलीला एकदा पोलिसाने गाडी अडवली आणि काच खाली करायला लावून विचारलं, हा काय प्रकार? तुम्ही म्हणालात, "जावयाचा हाय साहेब. जसाच्या तसा परत द्यायचा हाय, नायतर लेक माहेरी पाठवल." तो पोलीस हसून बाजूला झाला. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मामी शेवटी पोलिसाचं वाक्य आधीच बोलून टाकायच्या.

आणि तुमचं ते मोजणं. टायर भरून झाले की एकेकावर पंजा मारायचात आणि म्हणायचात, लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मला माहीत होतं. आमच्याकडेही म्हणायचे, आजोबांपर्यंत. पण टायरला? मी विचारलं तर म्हणालात, "मग? पोट भरतं त्याला लाभ म्हनायचं आनि तुमच्या जिवाला सांभाळतं त्याला नाय?" आणि एकदा मोजलं की मोजलं. सकाळी निघताना परत बघायचं नाही. मी एकदा डिकी उघडायला गेलो तर तुम्ही माझ्या हातावर चापटी मारलीत. रास एकदा मापली, झाकली, की परत मापायची नाय. परत मापली की रास कमी भरते. माझ्या कंपनीत प्रत्येक डबा तीन जण तपासतात. मला हे वेडेपण वाटायचं, पण तुमच्यापुढे कोण बोलणार?

गेल्या वर्षी भाताची झोडणी उरकल्यावर वैशाखऱ्याच्या अलीकडच्या त्या माळावर शर्यत होती. आपल्या भागातली, हौशी लोकांची. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. माळाच्या शेवटी तो उतार, खाली वळण, वळणाच्या पलीकडे ओढ्याचा खडक. तुम्ही आठ दिवस आधी माझ्याबरोबर येऊन जागा पाहिली होतीत. उतारावर उभे राहून तुम्ही चपलेने मुरूम उकरून बघितलात आणि म्हणालात, "हितं तर बैल पन बसून उतरल." मी म्हटलं, "मामा, बैल नाही उतरणार, मी उतरणार." तुम्ही काही बोलला नाहीत. ते न बोलणं मी पुढे तुमच्या विरुद्ध वापरलं.

त्या दिवशी पुण्याचा एक गॅरेजवाला आला होता. तो दर वर्षी दोन मुलं निवडतो, गाडी त्याची, खर्च त्याचा. त्याने मला आधीच्या शर्यतीत पाहिलं होतं आणि सांगून ठेवलं होतं, हा उतार नीट उतरलास तर बोलू. माझं वय काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. मला परत कोणी विचारणार नव्हतं. सुजा दोन दिवस आधी नवे तांदूळ आणायला म्हणून तुमच्याकडे गेली होती. मी आणि अन्वर गाडी घेऊन पहाटेच माळावर पोचलो. आदल्या संध्याकाळी तुमचा फोन येऊन गेला होता, "चार भरले. मोजले. निजा आता."

तुम्ही वेळेत आलात. डोळखांबहून आतल्या रस्त्याने, चाळीसच्या वर काटा न जाऊ देता, बंडी आणि टोपी घालून. माझ्या आधी सहा गाड्या होत्या. अन्वरने जॅक लावून ठेवला होता. तुम्ही पुढचा टायर काढून दिलात, लाभ. मागचे दोन काढलेत, दोन, तीन. मग डिकी उघडलीत.

तुमची पाठ मला दिसत होती. तुम्ही डिकीत बघत उभे राहिलात. मी हाक मारली, "मामा, आणा." तुम्ही हलला नाहीत. मी जवळ आलो तर आत नुसतं गोणपाट होतं, घडी करून ठेवलेलं. तुम्ही त्या गोणपाटावरून एकदा हात फिरवलात. मग डिकी लावलीत, हळूच, घरात कोणी निजलं असेल तशी, आणि म्हणालात, "विसरलो जावई."

"विसरलात कसे? काल फोनवर काय सांगितलंत?"

"विसरलो म्हटलं ना."

समोरून गाड्या सुटत होत्या. एक गेली, दुसरी लागली. तो टायर आणायला डोळखांबला जाऊन येणं शक्य नव्हतं. अन्वर चार ठिकाणी विचारून आला, आमच्या मापाचा टायर कोणाकडे नव्हता. पुण्यावाला दोरीपलीकडे हाताची घडी घालून उभा होता. मी म्हटलं, तीन मातीचे चढव, मागे एक साधा राहू दे. अन्वर म्हणाला, "भाई, उतारावर मागून फिरेल गाडी." मी म्हटलं, फिरू दे, मी सांभाळतो. त्याने नट कसले. मी हेल्मेट घातलं, पट्टा लावला. पुढे दोनच गाड्या होत्या.

आणि तुम्ही खिडकीतून हात घातलात, किल्ली काढलीत आणि बंडीच्या खिशात टाकलीत.

मी उतरलो. तुमचा हात धरला. माळावर किती माणसं होती, तुमच्या भावकीतली, माझ्या कंपनीतली. मी म्हटलं, "मामा, किल्ली द्या." तुम्ही म्हणालात, "नाय." मी म्हटलं, "टायर मुद्दाम ठेवलात ना घरी? तुम्हाला मला उतरवायचंच नव्हतं." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं आता बोलाल. तोंड उघडलंतही. मग म्हणालात, "मारायचं तर मारा मला, जावई. किल्ली नाय मिळायची." माइकवर माझा नंबर पुकारला. परत पुकारला. मग पुढचा पुकारला.

त्या दिवशी त्या उतारावर कोणी उलटलं नाही. सगळ्या गाड्या नीट उतरल्या. त्यामुळे तुमचं बरोबर होतं असंही मला मनाशी म्हणता येईना, तुमच्यावरचा राग तेवढा शाबूत राहिला. पुण्यावाल्याने नाशिकच्या एका मुलाला घेतलं.

पुढच्या वर्षभरात मी तुमच्याशी कसा वागलो ते तुम्हाला सांगायला नको. टायर तुम्हीच आणत राहिलात, न बोलावता. मी मात्र दर वेळी टिकली थांबली की पुढे होऊन दारं उघडायचो आणि तुमच्यासमोर मोठ्याने मोजायचो. एक, दोन, तीन, चार. लाभ नाही, एक. तुम्ही बाजूला उभे राहून टोपी झटकायचात. हळूहळू तुमचं मोजणं बंद झालं. नुसता पंजा मारायचात, तोंडाने काही नाही. किसनच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत सगळ्यांना सांगितलं, आमच्या मामांना तीनच्या पुढे येत नाही. सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि वाढप्याला म्हणालात, "मला दोनच जिलब्या वाढ, तिसरी विसरंल." मामींनी माझ्या पानात तूप वाढलं.

तरी मी तुमचा पाहुणचार सोडला नाही, हे खरं. बाळंतपणाला सुजा तुमच्याकडे होती तेव्हा मी दर रविवारी यायचो, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी हाणायचो आणि तुमच्याशी हवापाण्याचं बोलायचो. शर्यतीत जिंकलेला माझा एकुलता एक कप तुम्ही खुंटीशेजारच्या फळीवर ठेवला होता आणि त्यात चुन्याची डबी ठेवायचात. छोटी झाली तेव्हा तुम्ही तिच्या तळपायावर बोट टेकवून म्हणालात, "लाभ." मी तिथेच होतो. मला ऐकू आलं होतं. मला तेव्हा तुमचा हात धरावासा वाटला मामा. नाही धरला. परवा करू, पुढच्या रविवारी करू, असं करत राहिलो.

तुमच्या कार्याचं सगळं उरकल्यावर एका दुपारी मी अंगण आवरत होतो. चारही टायर जिथे फेकले होते तिथेच पडलेले. एक तुळशीपाशी, एक पेंढ्याच्या उडवीपर्यंत घरंगळत गेलेला, दोन मोरीच्या वाटेवर. इतके दिवस येणारी जाणारी माणसं त्यांना वळसा घालून चालत होती, पण कोणी हात लावला नव्हता. मी ते एकेक उचलून पडवीत कणगीशेजारी नेऊन ठेवले. सुजा छोटीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी असे चार असते ना, तर..." मग मलाच लाज वाटली.

सुजा म्हणाली, "बाबा नाय विसरले."

मी म्हटलं, "माहीत आहे. मुद्दाम ठेवला."

"बाबांनी नाय ठेवला. मी काढला."

मी पडवीच्या दारात उभा होतो. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, छोटीच्या पाठीवर थोपटत. त्या संध्याकाळी तुम्ही टायर भरून, मोजून, आत जेवायला बसलात. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि तिने ते अजून मलाही सांगितलं नव्हतं. जेवताना तुम्ही मामींना त्या उताराचं सांगत होतात, खडकाचं, बैलाचं. ती हात धुवायला म्हणून उठली, डिकीतला टायर काढला, कणगीमागे लोटला आणि गोणपाटाची घडी करून परत आत ठेवली. "मला माहीत होतं," ती म्हणाली, "बाबा सकाळी परत मोजणार नाय ते. बाकी कोणी असतं तर पकडलं असतं मला. बाबा नाय बघणार."

मामा, तुमच्या त्या नियमाचा एवढा भरवसा मी कधी धरला नाही. तिने धरला, आणि तुम्हाला फसवायला वापरला.

"संध्याकाळी बाबा माळावरून घरी आले," ती पुढे म्हणाली. "चपला पन काढल्या नाय. मला विचारलं, कुठं ठेवलास गो? बस, एवढंच. मी सांगितलं. त्यांनी जाऊन टायर काढला, पुसला, जागेवर ठेवला. मी रडाय लागले, म्हटलं मी सांगते त्यांना. तर म्हणाले, नको. तुमच्या दोघांच्यात तो टायर नको यायला. मी म्हातारा हाय, माझं विसरनं खपून जातं."

खपून गेलं, मामा. वर्षभर खपवलंत. डिकीत बघत उभे राहिलात ना, तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. घरात तुम्ही तिघंच, आणि गोणपाटाची तशी घडी घालणारं एकच माणूस. तिथे, माइकवर नंबर पुकारत असताना, मी तुमचा हात पिरगाळत असताना, तुम्ही तोंड उघडून परत मिटलंत. लेकीचं नाव गिळलंत आणि माझ्या शिव्या घेतल्यात. आणि किल्ली? ती मात्र तुम्ही तुमच्या हाताने काढलीत. तिथे तुम्ही विसरलो म्हणाला नाहीत.

सुजा म्हणाली, "बोला ना मला. त्यांना बोलत होतात तसं बोला."

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, खूप आला. माझी एक संधी गेली होती, आणि ती घालवणारी माझ्यासमोर माझं मूल घेऊन बसली होती. पण वर्षभराचा माझा सगळा राग तुमच्यावर खर्च झाला होता. तिच्यासाठी काढायला गेलो तर हाताला काही लागेना. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मामी चुलीपाशी होत्या. त्यांना हे माहीत होतं का? मी विचारलं नाही. त्या चहा घेऊन आल्या आणि तिघांचे कप आमच्यामध्ये ठेवून त्याही बसल्या.

मी म्हटलं, "मी सोडतो हे. टायर विकून टाकतो."

मामी म्हणाल्या, "विका नायतर जाळा. पन आधी पोचवा. त्यांनी शेवटचं भरलेलं पोचलं नाय. मी हातानं वढून फेकलेलं मला दिसतं रोज. ते एकदा पोचू द्या, मग काय करायचं ते करा."

म्हणून उद्या जातोय. योग बघा, शर्यत त्याच माळावर आहे, त्याच उतारावर. माझी गाडी अन्वर शहापूरहून परस्पर आणतोय. टिकली मी चालवणार, तुमच्या रस्त्याने, चाळीसने. पुण्याचा कोणी येणार नाही, माझ्याकडे कोणी बघणार नाही. फक्त एकदा उतरायचं किंवा नाही उतरायचं, एवढंच आहे.

आज संध्याकाळी मी टायर पडवीतून अंगणात आणले आणि सुजाला म्हटलं, "तू भर."

ती म्हणाली, "मला अजून भीती वाटते. तेव्हा होती तेवढीच. जास्तच, आता ही आहे." छोटी मामींच्या कडेवर होती.

मी म्हटलं, "मला माहीत आहे. म्हणून तू भर."

तिने गोणपाट अंथरलं. दोन मागे बसवले, मला हात लावू दिला नाही. तिसरा डिकीत घातला. चौथा पुढे ठेवला आणि त्याला पट्टा लावला. लावताना तिचा हात त्या बटणावर जरा थांबला. मामी बघत होत्या. मग सुजाने पदर खोचला आणि एकेकावर पंजा मारला, तुमच्यासारखा, पण हलका. लाभ. दोन. तीन. चार. मोठ्याने म्हणाली. या अंगणात कित्येक महिन्यांत कोणी तसं मोजलं नव्हतं. मामी आत निघून गेल्या.

मी आतून हात धुवून आलो तेव्हा सुजा टिकलीजवळच होती. डिकी बंद होती. मला बघून ती बाजूला झाली आणि किल्ली हातातच घेऊन घरात गेली. ती नुसती उभी होती, की काही करून उभी होती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता ओट्यावर बसून हे लिहितोय. टिकली समोर आहे. पुढच्या काचेतून पट्टा लावलेला टायर दिसतो, मागचे दोन दिसतात. डिकीतला दिसत नाही. उठून एकदा बघून यावं असं सारखं वाटतंय, आणि किल्ली मागितली तर ती देईलही. दोनदा उठलो, मामा. दोनदा परत बसलो. तुम्ही असता तर हातावर चापटी मारली असतीत.

मोजलेलं आहे. परत मोजायचं नाही. उद्या माळावर डिकी उघडेन. चार निघाले तर चढवू. तीन निघाले तर अन्वर विचारेल, तुमच्या भावकीतले विचारतील, सगळा माळ विचारेल, चौथा कुठे आहे म्हणून. मी डिकी हळूच लावेन आणि सांगेन, विसरलो.